माझ्या वांगडा फुडे बस

फोन आला तेव्हा मी दुकानात होते. कणकवलीत कॉलेजच्या रस्त्याला आमचं स्टेशनरीचं लहानसं दुकान आहे. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं, अनिल आत जेवत होता. पलीकडे शेवंताकाकी होत्या, गावच्या आमच्या घराच्या शेजारी राहणाऱ्या. ‘वैशाली गो... नंदाबाय गेली,’ एवढंच त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. माणूस गेल्याचं कळल्यावर आपण विचारतो, कसं झालं, आजारी होत्या का. माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच. मी विचारलं, ‘कोणी काय केलां तिका?’ शेवंताकाकींचं रडणं थांबलं. त्यांनाही तो प्रश्न कळला होता... ‘नाय गो, कोणी काय करूक नाय. जेवली, जरा आडवी झाली, ती उठाकच नाय.’ मी स्टुलावर बसले. जवळचं माणूस गेलं आणि मला आधी सुटल्यासारखं वाटलं, की ती तिच्या मरणाने गेली.

नंदाबाय म्हणजे माझी मोठी नणंद, सुनंदा. सगळा गाव तिला नंदाबाय म्हणायचा, तिचा धाकटा भाऊ म्हणजे माझा नवरा अनिल नुसतं ‘बाय’ म्हणायचा, आणि मी लग्नापासून ‘वन्सं’ म्हणत आले. कट्टा नावाच्या बाजारगावातून आत वळलं की आमचा गाव लागतो. त्या दिवशी गाडी अनिल चालवत होता. मी कोणाकोणाला कळवायचं म्हणून फोन उघडला, तर गावच्या ग्रुपवर वन्संचा फोटो आधीच आला होता. कुठल्याशा लग्नातला, नथ घातलेला, हसरा. तो फोटो मी ओळखत होते. गेली दोन वर्षं तोच फिरत होता. खाली लिहिलं होतं, ‘देवीने न्याय केला.’ त्याखाली हात जोडलेली चित्रं, एकाखाली एक. मी फोन पर्समध्ये टाकला आणि अनिलला काही सांगितलं नाही. कट्टा येईपर्यंत माझ्या मनात एकच होतं. आमच्याकडे कोणी गेलं की बोलवावं लागत नाही. वाडीतले पुरुष आपणहून येतात, कोणी बांबू तोडतं, कोणी लाकडं रचतं. आज येतील का? खांदा द्यायला चार माणसं तरी मिळतील का?

आली होती. खळ्यात, घरापुढच्या अंगणात, वाडीतले बरेच जण होते, तिरडी बांधून होत आली होती, आणि आत शेवंताकाकींनी वन्संना न्हाऊ घालून त्यांचं आवडतं जांभळं लुगडं नेसवलं होतं. पण गडग्याच्या, कुंपणाच्या दगडी भिंतीच्या, बाहेर रस्त्यावर काही माणसं नुसती उभी होती. आत यावं की नाही हे त्यांचं ठरत नव्हतं. कोण आत जातंय आणि कोण नाही हे ती बघत होती. त्यातल्या एकाने फोन वर धरला होता. मी खांबाला धरून उभी राहिले, आता काय होतंय म्हणून... अनिलने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने फोन खिशात घातला, खाली मान घालून आत आला, आणि पुढे खांदाही दिला. त्याचा राग करावा की त्याचे आभार मानावेत, हे मला अजून कळलेलं नाही.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. गावाचं नाव मी लिहीत नाही आणि कोणाचं आडनावही लिहीत नाही. हे लिहितानाही भीती वाटते आहे, ती लपवत नाही. वन्संनीही कधी लपवली नव्हती.

वन्सं कणकवलीत एका सरकारी कचेरीत क्लार्क होत्या. आईवडील लवकर गेले, अनिल शाळेत होता. त्यांनी लग्नाचा विषय बाजूला ठेवला तो ठेवलाच. रोज सकाळी कट्ट्यावरून एसटी, संध्याकाळी परत. कचेरीत शुद्ध मराठी बोलायच्या, आणि एसटीची पायरी चढली की मालवणी. मी कुणकेश्वरची. देवळाच्या वाटेवर माझ्या वडिलांचं नारळ-फुलांचं दुकान होतं. लग्न होऊन आले तेव्हा मला या करड्या नणंदेचं भय वाटायचं. लग्नानंतर पहिली निवडणूक आली. वन्सं मला बरोबर घेऊन शाळेत गेल्या. रांगेत सगळी वाडी उभी. दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते एकाच आंब्याखाली टेबलं टाकून बसले होते आणि एकमेकांच्या पुड्यातली भजी खात होते. मत देऊन बाहेर आल्यावर मी मोठ्या उत्साहाने सांगायला गेले, ‘वन्सं, मी ना...’ त्यांनी माझ्या तोंडावर हातच ठेवला. ‘सांगा नको. माका सांगा नको, अनिलाक सांगा नको. ह्यां तुझां सवताचां आसा.’ सासरी आल्यापासून ताट, कपाट, खोली सगळं वाटून घेतलेलं. स्वतःचं असं पहिल्यांदा कोणी काही हातात दिलं ते वन्संनी. त्या दिवसानंतर मला त्यांचं भय वाटलं नाही.

दर महाशिवरात्रीला त्या माझ्याबरोबर कुणकेश्वराला यायच्या. माझ्या आईकडे उतरायचं, पहाटे समुद्राच्या वाऱ्यात कुडकुडत रांगेत उभं राहायचं, आणि दर्शन झालं की आईच्या हातची पेज. आई म्हणायची, ‘तुझी नणंद देवभोळी गो.’ हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते याच आईच्या तोंडून मला पहिल्यांदा कळलं.

निवृत्त झाल्यावर वन्सं गावात पूर्णवेळ राहू लागल्या आणि ग्रामसभेला जाऊ लागल्या. ग्रामसभा म्हणजे शाळेच्या वर्गात पाच-पंचवीस माणसं, बायका दाराशी आणि मागच्या भिंतीला, आणि ग्रामसेवकाने भराभरा उरकलेले विषय. वन्सं पहिल्या बाकावर जाऊन बसायच्या. कुठल्याच पक्षाच्या नव्हत्या. ठराव आला की म्हणायच्या, ‘आधी पूर्ण वाचून दाखवा.’ एवढंच. पण ज्यांना तो वाचून दाखवायचा नसतो त्यांना एवढंही जड जातं.

आमच्या गावावर एक सडा आहे, जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. पावसाळ्यात त्याच्या पोटात पाणी मुरतं आणि ते खाली देवीच्या देवळामागे झऱ्याने येतं. त्यावर खालची शेती आणि विहिरी. त्या सड्यावर चिऱ्याची खाण काढायची म्हणून बाहेरचा एक माणूस आला. त्याला ग्रामपंचायतीची ना हरकत हवी होती. बदल्यात देवळाला नवा सभामंडप बांधून देतो म्हणाला. मग काय, खाणीला नको म्हटलं की ते देवळालाच नको म्हटल्यासारखं. त्या सभेत वन्सं उभ्या राहिल्या. मी तिथे नव्हते, पण पुढे इतक्या जणांकडून ऐकलं की त्यांचं वाक्य मला पाठ आहे. त्या म्हणाल्या, ‘आज देवीचां नाव घेऊन सडो मागतत. उद्या पाणी आटला आणि आमी बोंब मारली, काय ह्येच लोक म्हणतले, देव बीव काय नाय, सडो इकून टाकूया.’

चार दिवसांनी आईचा कुणकेश्वराहून फोन. आवाज चोरटा. ‘वैशाली, तुझी नणंद देव मानीत नाय म्हणे?’

‘कोण म्हणालं तुला?’

‘मोबाईलावर इला हा. तिचोच आवाज आसा. देव बीव काय नाय, म्हणता. सडो इकूया म्हणता. गाव इकूक निघाली ती!’

मी दुकानाच्या शटरजवळ उभी राहून ती क्लिप ऐकली. आवाज वन्संचाच होता, ठणठणीत. ‘देव बीव काय नाय, सडो इकून टाकूया.’ मागचं सगळं कापलेलं. जी बाई खाण नको म्हणून उभी राहिली, तिच्याच आवाजात गाव विकायला काढलेला. मला लागलं ते त्या कापाकापीचं नव्हे. कापणारा कुठेतरी असणारच. पण माझ्या आईने वर्षानुवर्षं या बाईला देवापुढे डोळे मिटून उभं राहिलेलं पाहिलं होतं, स्वतःच्या हाताने तिला पेज वाढली होती; आणि तिनेही स्वतःचे डोळे सोडून त्या आवाजावर विश्वास ठेवला. आईला समजावताना माझा आवाज चढला. ती म्हणाली, ‘माका काय म्हायत गो... सगळेच म्हणतत.’

मग ते पसरत गेलं. त्या नथीच्या फोटोवर लाल बाण काढून. कोणी म्हणे तिने खाणवाल्याकडून पैसे खाल्ले, कोणी म्हणे तिने खाणवाल्याला अडवायला पैसे खाल्ले. दोन्ही गोष्टी एकाच ग्रुपवर, एकाच दिवशी, आणि दोन्ही खऱ्या मानणारी माणसं तीच. दुकानात ओळखीचं गिऱ्हाईक वही घेताना सहज विचारी, ‘त्या बाई तुमच्याच ना?’ मी हो म्हणायला कचरू लागले. गावात त्यांच्याकडे दूध घालणारा येईनासा झाला. देवीची जत्रा तोंडावर होती. दोघे जण येऊन अदबीने सांगून गेले, ‘नंदाबाय, यंदा तुमी ओटी भरूक येव नकात. कायतरी होयत, मगे आमका सांगू नकात.’ कायतरी होयत. त्या शब्दांना चेहरा नव्हता. एका संध्याकाळी दिवेलागणीला कौलांवर दगड पडले. शेजारच्या घरातले दिवे पटापट मालवले गेले, शेवंताकाकींच्या घरातलेसुद्धा. वन्संनी फोन केला तो अनिलला, आणि तोही दगडांचं सांगायला नाही. दोन कौलं फुटली आहेत, येताना घेऊन ये म्हणून.

आम्ही गेलो. कौलं घालून झाल्यावर अनिलने विषय काढला. ‘बाय, आता पुरे. कणकवलीला चल. लोक असेच झालेत. खरं काय, खोटं काय, कोणालाच नको आहे.’

‘तसा नाय रे,’ वन्सं म्हणाल्या. त्या वाल सोलत होत्या. ‘खरां सगळ्यांका व्हया आसा. पण एकट्यान ता धरूक भय वाटता. तुका नाय वाटत? तू दुकानात माझां नाव घेतंस?’

अनिलने त्यांच्या पुढ्यातले मूठभर वाल सोलायला घेतले. मीही.

त्या रात्री आम्ही राहिलो. सकाळी केर काढताना मला पुढच्या दाराशी जमिनीवर ओरखडे दिसले. लांब, ताजे. आत बघितलं तर माजघरातला लाकडी बाक जागेवर नव्हता, दारापासून हातभर लांब होता. मला कळलं. रोज संध्याकाळी ही बाई तो अवजड बाक एकटी ओढत आणून दाराला लावत होती आणि सकाळी परत सारत होती. मी विचारलं, ‘वन्सं, तुम्हाला भीती वाटते?’

‘वाटता मगे! माका काय काळीज नाय?’ त्या माझ्यावरच उखडल्या. ‘उंदीर पडलो तरी उठान बसतंय. पण भय वाटता म्हणान घरात बसलंय, तर भय काय कमी होणा नाय. ता आसा तसाच रवता. मगे घरात बसान कित्याक भियायचां? भायर जाऊन भियाया.’ आणि मग स्वतःच हसल्या. मला हसू आलं नाही.

त्याच दिवशी त्या बाहेर पडल्या, घरोघर जायला. मला बरोबर चल म्हणाल्या. मला वाटलं, आता प्रत्येकाला ती क्लिप कशी कापली ते सांगत बसणार. मी म्हटलंही, ‘वन्सं, कोणी ऐकणार नाही.’ त्या म्हणाल्या, ‘सांगूक खंय जातंय? इचारूक जातंय.’

पहिलं घर शेवंताकाकींचं. शेवंताकाकींनीच ती क्लिप स्वतःच्या बहिणींना, सुनेच्या माहेरी, सगळीकडे पाठवली होती, हे आम्हाला माहीत होतं. आम्हाला बघून त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. वन्सं पडवीत बसल्या, पाणी मागितलं, प्यायल्या. मग म्हणाल्या, ‘शेवंता, तू त्या दिवसा सभेत होतंस. मी काय म्हटलंय, तुया काय ऐकलंस?’

‘मोबाईलावर तुझोच आवाज आसा नंदाबाय.’

‘आसा. माझोच आसा. मोबाईलावरचां नाय इचारणंय. तू थय बसललंस. तुझ्या कानान काय ऐकलंस?’

शेवंताकाकींनी पदर तोंडाशी धरला. ‘मी मागे भितीक बसललंय... थय पंखो वाजता. माका धड काय ऐकाक येवक नाय.’

मला वाटलं आता वन्सं चिडतील. धड ऐकलं नाहीस आणि जगाला पाठवलंस? पण त्यांचा चेहरा उजळला, अगदी मनापासून. ‘बग! ह्यां खरां बोललंस. मगे आता असा कर. फुडच्या सभेक माझ्या वांगडा फुडे बस. थय पंखो वाजणा नाय.’

पुढे आपल्या सोबत बसायला सांगून त्या उठल्या. वाटेत मी चिडून म्हटलं, निदान तिला चूक तरी दाखवायची होती. त्या म्हणाल्या, ‘चूक तिका दिसली. आता आणि काय दाखवू?’

सगळीकडे असं झालं नाही. एका घराने कुत्रा सोडला. एका तरुणाने दारातूनच सांगितलं, ‘बाय, वय झाला तुमचा, आता हरी हरी करा.’ एका ठिकाणी आम्ही खळ्यात उभ्या असताना आतून कोणीतरी फोनवर आमचं बोलणं घेत होतं. खिडकीच्या गजांतून फोनचा काळा डोळा दिसत होता. मी वन्संचा हात घट्ट धरला, तर त्यांचा तळहात घामाने ओला होता. तरी त्या बोलत राहिल्या, जरा सावकाश, जरा मोठ्याने, कापणाऱ्याला सोपं जाऊ नये म्हणून.

पांडग्याच्या घरची आठवण मात्र लिहिलीच पाहिजे. पांडग्या हा माणूस पन्नाशीचा, काजूची लहानशी बाग, आणि मुलगा खाणवाल्याच्याच डंपरवर नुकता लागलेला. त्याने आम्हाला पुढच्या दाराने घेतलं नाही, मागे गोठ्याकडे नेलं. ‘नंदाबाय, मी दुसऱ्या बाकार होतंय,’ तो कुजबुजला. ‘मी सगळा ऐकलंय. तुमी काय बोललास ता माका म्हायत आसा. पण माका बोलूक सांगू नकात. झीलाचा पोट आसा.’ हात जोडलेले, डोळे रस्त्याकडे. वन्संनी त्याला काहीच सांगितलं नाही. गुरांना हिरवं काय घालतोस, एवढं विचारून निघाल्या. मला तो माणूस किडकाच वाटला आणि मी तसं म्हटलं. वन्सं थांबल्या. ‘तसा बोला नको. तेच्याकडे खरां आसा, आणि तेणां ता टाकूक नाय. भियाक लागलो हा, पण खोटां बोलाक नाय. अशी माणसां कितीशी आसत बग. आमका दिसणत नाय, कारण तीं गोठ्यात उभी आसत.’

पुढच्या ग्रामसभेला मीही गेले, आमची नावं अजून गावच्याच मतदार यादीत आहेत. नेहमीपेक्षा गर्दी होती, आणि गर्दीत अनोळखी माणसं होती. वन्सं पहिल्या बाकावर. शेजारी मी. शेवंताकाकी दाराशी घुटमळल्या, मागच्या भिंतीकडे बघितलं, आणि मग पदर खोचून पुढे येऊन वन्संना चिकटून बसल्या. वर्गात कुजबुज झाली. वन्सं बोलायला उठताच मागून कोणीतरी फोनवर ती क्लिप मोठ्याने लावली. ‘देव बीव काय नाय...’ हशा, शिट्या. वन्सं उभ्याच, ओठ घट्ट. मला वाटलं, आता खुर्च्या उडतील. आणि शेवंताकाकी बसल्या जागीच वळून ओरडल्या, ‘अरे, तेच्या आदी काय बोलली ताव लाव मरे! आदीचां खंय गेला?’

क्लिप लावणारा म्हणाला, ‘एवढांच आसा.’

‘एवढांच कसां? माणूस बोलाक उभां रवला तर एवढांच बोलता?’

हसणं थांबलं. काही फार मोठं झालं नाही. कोणी माफी मागितली नाही, कोणी क्लिप पुसली नाही. पण त्या थांबलेल्या क्षणात वन्सं म्हणाल्या, ‘ठराव वाचा,’ आणि ग्रामसेवकाला तो वाचावा लागला. त्यात मंडपाचा शब्दही नव्हता. नुसता सडा होता. ठराव पुढे ढकलला गेला, रद्द झाला नाही.

दुसऱ्या दिवशी शेवंताकाकींचाही फोटो ग्रुपवर आला. त्यानंतर बरेच दिवस त्या वन्संशी बोलल्या नाहीत. विहिरीवर समोर आल्या तरी मान फिरवायच्या. मी म्हटलं, ‘बघितलंत?’ वन्सं म्हणाल्या, ‘येयत ती. आता तिका म्हायत आसा, फुडे बसला काय ऐकाक येता.’ आणि खरंच, आंबोळ्या घेऊन शेवंताकाकी एक दिवस आल्या. मीठ जास्त झालं होतं, दोघींनी तसंच खाल्लं, असं वन्संनी मला फोनवर सांगितलं, मोठी निवडणूक जिंकल्यासारखं...

त्यांच्या या आशेचं मला तेव्हा भय वाटायचं. वाटायचं, ही बाई एका आंबोळीवर विसंबून वाऱ्यात उभी आहे.

वन्सं गेल्यावर बाराव्याला अनिल म्हणाला, घराला कुलूप लावू. मी विरोध केला नाही. पण महिन्याभरात शेवंताकाकींचा फोन आला, ‘सभा आसा. तोच ठराव परत इलो हा.’ त्यांना माहीत होतं आणि मलाही, की पहिला बाक रिकामा व्हायचीच वाट बघितली गेली होती. रात्रभर मला झोप नव्हती. अनिल म्हणाला, जाऊ नकोस. दुपारी स्वतःच गाडी काढली.

शाळेचा तोच वर्ग. मी आणि शेवंताकाकी पुढे बसलो. आमच्यामध्ये एका माणसाची जागा नकळत सुटली होती. ठरावाचा विषय आला, ग्रामसेवक म्हणाला, ‘मंजूर?’ मला उठायचं होतं. ‘आधी पूर्ण वाचून दाखवा’, वन्संचे ते चार शब्द मी मनात कितीदा घोळवले होते. पण माझ्यासमोर, खिडकीशी, एक फोन वर झाला आणि मी बसूनच राहिले. शेवंताकाकींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, पण त्याही उठल्या नाहीत. ग्रामसेवकाने पेन टेकवलं...

‘वाचा.’

आवाज मागून आला. घोगरा, ओळखू न येणारा. मी वळून बघितलं. पांडग्या उभा होता. पुढच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरून, आणि तो बाक त्याच्या थरथरण्याने हलत होता. ‘पूर्ण वाचा,’ तो म्हणाला, ‘आणि मगे हात वर करूक सांगा. मी नाय म्हणान करतलंय. नंदाबाय काय बोलली होती ता मी ऐकललंय. ती सडो इकूया म्हणाक नाय. सडो इकू नकात म्हटलला.’

खिडकीतला फोन त्याच्याकडे वळला. तो बसला नाही. मग मी उठले, शेवंताकाकी उठल्या, आणि मागच्या भिंतीला दोन-तीन बायका उठल्या ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत. ठराव वाचला गेला, हात मोजले गेले, नामंजूर झाला. थोडक्या मतांनी झाला. तो पुन्हा येईल हे तिथे प्रत्येकाला कळत होतं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत; लोक पटापट चपला शोधू लागले.

वन्संची एक पद्धत होती. सभा सुटली की त्या सरळ घरी जात नसत. वाडीच्या वाटेने बोलत बोलत प्रत्येकाच्या बेड्यापर्यंत, कुंपणाच्या फाटकापर्यंत, जायच्या, तो माणूस आत गेला की पुढे. मला वाटायचं, गप्पांची हौस. बाहेर आले तर दिवेलागण होत आली होती, शेवंताकाकी आधीच वाटेवर उभ्या होत्या, आणि काही अंतरावर पांडग्या, निघावं की थांबावं या विचारात. अनिल गाडीपाशी होता. मी त्याला खुणेने थांब म्हटलं. आम्ही तिघं चालू लागलो. कोणी विषय काढला नाही. शेवंताकाकींचं घर आलं, त्या आत गेल्या, त्यांनी दिवा लावल्यावर आम्ही पुढे निघालो. काजूच्या बागेच्या वळणावर पांडग्या म्हणाला, ‘वैनी, सकाळपासून माझ्या हातापायात पाणी झाला हा. माका लय भय वाटता.’

‘माका पण,’ मी म्हटलं.

तो थोडा हसला. मग आम्ही त्याच्या बेड्यापर्यंत चालत गेलो.